भावजींची न हलणारी बोट

काळजी नावाचा जो माल या जगात तयार होतो त्याचं मुख्य गोदाम नाशकात, सातपूरला आहे. आणि त्या गोदामाचे मालक, हमाल आणि राखणदार अशा तिन्ही जागा आमचे भावजी एकटे सांभाळतात, असं माझं फार जुनं मत आहे. भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ताईच्या लग्नात मी शाळकरी होते, पण मला स्वच्छ आठवतंय, बोहल्यावर चढण्याआधी या गृहस्थांनी मांडवाचा खांब धरून गदागदा हलवून पाहिला होता. पुढे मंगलाष्टकं चालू असताना, म्हणजे ज्या वेळी नवरदेवाने जरा लाजून उभं राहायचं असतं त्या वेळी, मुंडावळ्या बाजूला करून त्यांनी भटजींना विचारलं, "ती वायर उघडी का ठेवलीय?" वऱ्हाड हसलं. माझे वडील मात्र खूश होऊन म्हणाले, "पोरगा जबाबदार आहे." आईने आधी ती वायर झाकून घेतली.

पुढे ते सातपूरच्याच एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर झाले. घाबरण्याबद्दल पगार मिळावा आणि वर लोकांनी साहेब म्हणावं, अशी नोकरी त्यांच्याइतकी दुसऱ्या कुणाला शोभली नसती. आपल्या कारकिर्दीत कुणाच्या करंगळीलाही खरचटलं नाही असं ते सांगतात, आणि ते खरंही असावं, कारण ते समोर उभे असले की कामगार मशीनला हात लावायलाच धजत नसत. ही नोकरी ते जेवणाच्या डब्यासारखी रोज घरी परत घेऊन येत. ताईच्या घरात बल्ब बदलायचा तर एक माणूस खुर्चीवर, एक खुर्ची धरायला, आणि दोघांना सूचना द्यायला भावजी. लग्नाच्या पंगतीत ते दाराजवळचं पान पकडतात. नाटकाला गेलं की तिसरी घंटा होईपर्यंत थिएटरच्या सगळ्या दारांच्या कड्या उघडून बघतात, आणि मग अंधारात चाचपडत येऊन भलत्याच बाईशेजारी बसतात. आमच्या नव्या फ्लॅटच्या गृहप्रवेशाला लोकांनी गणपती आणले, घड्याळं आणली. भावजींनी लाल रिबीन बांधलेलं आग विझवायचं नळकांडं आणलं. माझ्या सासूबाई भाबड्या. त्यांनी त्याला हळदकुंकू वाहिलं आणि देवघराशेजारी जागा दिली. ते आजही तिथेच आहे.

ताईचा स्वभाव नेमका उलटा. तिला कशाची भीती नाही आणि कशाचा हट्टही नाही. नवऱ्याची काळजी ती घरातल्या जुन्या कपाटासारखी वागवत आली. मधे येतं, पण आपलंच आहे, वळसा घालून जायचं. तिने आयुष्यात एकच गोष्ट मागितली. केरळात म्हणे लोक बोटीतच राहतात, बोटीतच रांधतात, हे तिने कुठल्याशा मैत्रिणीकडून ऐकलं आणि तिच्या मनाने घेतलं, की एकदा चहूबाजूंनी पाणी असताना मधोमध बसून गरमगरम पिठलं-भात खायचा. केरळात पिठलं कोण देणार, हा प्रश्न तिला पडला नाही. बेसन ती बरोबर नेणार होती. भावजींनी कधी नव्हे ते बुकिंग केलं, तिकिटं काढली, आणि जायच्या तोंडावर बोटवाल्याला फोन करून इंग्रजीत विचारलं, की तुमच्या बोटीचा गुरुत्वमध्य नेमका कुठे आहे? त्या बिचाऱ्याला ते एखादं प्रेक्षणीय स्थळ वाटलं असावं. तो म्हणाला, "व्हेरी नियर, सर. चालत जाता येतं." पाठोपाठ असंही कळलं की बोटीच्या पोटातच स्वयंपाकघर आहे आणि स्वयंपाकघरातच सिलिंडर आहे. झालं, तिकिटं रद्द. ताईने बॅगेतली बेसनाची पिशवी काढली आणि बेसन परत डब्यात ओतलं. मला त्या दिवशी भावजींचा फार राग आला होता.

त्यानंतर वर्ष-दोन वर्षांत ताईच्या हातातली कपबशी वाजायला लागली. आधी आम्ही थट्टाच केली, की ताई, चहा आणतेस की घुंगरू? मग एक दिवस आमटीची वाटी हातातून निसटली आणि थट्टा थांबली. डॉक्टरांनी कंपवात असल्याचं सांगितलं. औषधांनी बराच आवरेल, पण हळूहळू वाढत जाईल, हेही सांगितलं. आयुष्यभर न येणाऱ्या संकटांच्या तयारीत राहिलेल्या माणसाच्या घरात हे संकट कुठलीच कडी न वाजवता आलं होतं. संध्याकाळी मी गेले तेव्हा भावजी ओट्याशी उभं राहून स्वतः चहा गाळत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "मेहुणीबाई, दुसऱ्याच्या बोटीचा भरवसा नाही. आपणच बांधू."

मला वाटलं, माणूस दुःखात बोलतोय. पण रिटायर झाल्यावर लोक जिथे जास्वंद लावतात तिथे, रो-हाउसच्या गाडी लावायच्या जागेत, भावजींनी खरोखरच बोट बांधायला घेतली. प्लायवूड आलं, फायबरचे डबे आले, कारखान्यातले दोघं-तिघं जुने मित्र आले आणि भावजींच्या सूचना ऐकून एकेक करून येईनासे झाले. शिडाचीच बोट का, इंजिनाची का नाही, असं मी विचारलं तर म्हणाले, "पेट्रोल? पाण्यावर? वेडी आहेस का?" म्हणजे भीतीपोटी त्यांनी त्यातल्या त्यात अवघड गोष्ट निवडली होती. मग दोन वर्षं आमच्याकडे शीड, सुकाणू आणि डोलकाठी याशिवाय विषय नव्हता. बोट कशी उलटते, हे त्यांनी मला मागच्या अंगणातल्या हौदात दाखवलं. एक मोठं पातेलं पाण्यावर सोडलं आणि त्यात तीन लिंबं ठेवली. "ही ताई, ही तू, हा मी." लिंबं मधोमध होती तोवर पातेलं झकास तरंगलं. मग त्यांनी सगळी लिंबं एका कडेला लोटून ती कड बोटाने जरा दाबली, आणि पातेलं आम्हा तिघांना घेऊन तळाशी गेलं. "बघितलंस? लोकांना वाटतं, बोट वाऱ्याने उलटते. बोट उलटते ती कौतुकाने. एक जण ओरडतो, अय्या, बगळा! आणि सगळे बगळ्याच्या बाजूला." मग त्यांनी पातेल्यात, अगदी बुडाला, वरवंटा ठेवला. आता पातेलं कितीही हिंदकळलं तरी परत आपलं सरळ व्हायचं. "वजन जितकं खाली, तितकी बोट शहाणी," ते म्हणाले, आणि शहाणपणाच्या हव्यासाने त्यांनी बोटीच्या तळाला लोखंडी पट्ट्या ठोकल्या आणि वर वाळूची पोती रचली. प्रत्येकाची बसायची जागा रंगाने आखली. जागेवरून उठायचं नाही. सरकायचंच असलं तर आधी बोलून दाखवायचं, मग समोरचा उलट बाजूला सरकणार, मग आपण सरकायचं. याची तालीम आम्ही दिवाणखान्यातल्या सोफ्यावर केली. शेजारच्या काकू साखर मागायला आल्या होत्या, त्या न मागताच परत गेल्या.

पण उलटण्याच्या भीतीला मागे टाकील अशी धास्ती त्यांना होती स्वयंपाकाची. कोळशाची शेगडी नको, बंद जागेत तिचा धूर जीव घेतो. रॉकेलचा स्टोव्ह नको, तो भडकतो. शेवटी नाइलाजाने गॅस आला, आणि गॅसबरोबर भावजींची झोप गेली. "घरात गॅस गळला तर दाराखालून, मोरीतून कुठूनतरी वाट काढतो," ते मला समजावत. "बोटीला ना दार, ना मोरी. पाणी आत येऊ नये म्हणून ती घट्ट बांधायची, आणि तितकाच घट्ट गॅस तिच्यात कोंडायचा. हवेपेक्षा जड असतो तो. मुकाट्याने तळाशी जाऊन बसतो आणि काडीची वाट बघतो." म्हणून सिलिंडर बाहेर, मागच्या टोकाला, तळाला भोकं असलेल्या पेटीत. शेगडी आत, पण ती पाळण्यासारखी दोन खिळ्यांवर टांगलेली, म्हणजे बोट डावी-उजवीकडे कलली तरी पातेलं सरळच राहणार. पातेलं घसरू नये आणि वाऱ्याने जाळ विझू नये म्हणून शेगडीभोवती वीतभर उंच पत्र्याचा कठडा. आणि उकळतं काही अंगावर सांडू नये म्हणून स्वयंपाक करणाऱ्या बाईने रेनकोट घालायचा. या सगळ्याची चाचणी घरच्या झोपाळ्यावर झाली. भर वैशाखात मी रेनकोट घालून झोपाळ्यावर बसलेय, समोर शेगडी डुलतेय, तिच्यावर चहा उकळतोय, आणि भावजी झोके देत विचारतायत, "मेहुणीबाई, हे बेताचं वादळ झालं, आता जरा मोठं येऊ दे का?" चहाचा एक थेंब सांडला नाही. ताई उंबऱ्यावर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होती. हसताना तिने एक हात दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवला होता.

बोट तयार झाली, धरणात न्यायच्या सगळ्या परवानग्या भावजींनी काढल्या, आणि तिथून पुढे बोट हलेना. पहिल्या दिवाळीनंतर त्यांना एक खिळा गंजल्यासारखा वाटला. पुढच्या खेपेला वाळू ओली वाटली. मग नांगराचा दोर बदलायचा होता, मग वारा जास्त होता, मग वारा अजिबात नव्हता आणि अशा पडलेल्या वाऱ्याचाच भरवसा नसतो असं कळलं. इकडे ताई कप दोन्ही हातांनी धरायला लागली, मग अर्धाच भरून मागायला लागली. एका रविवारी जेवताना तिचा घास तोंडापर्यंत पोहोचायच्या आत ताटात सांडला. तिने माझ्याकडे बघितलं नाही, मीही तिच्याकडे बघितलं नाही, आणि नेमकं त्याच वेळी भावजी म्हणाले, "डोलकाठीचा एक स्क्रू मला जरा—" माझा तोल सुटला. मी म्हणाले, "भावजी, तुमची बोट एकदाची सुरक्षित होईल तेव्हा हिला घास तरी उचलता येणार आहे का?" बोलून गेले आणि जीभ चावली. ताई मला दटावू लागली. भावजी पाटावरून उठले, हात धुतले आणि बाहेर जाऊन बोटीवरचं कापड काढायला लागले.

पुढच्याच रविवारी, थंडीच्या दिवसांत, बोट टेम्पोवर चढवून आम्ही निघालो. घोटीच्या अलीकडे एका धरणाचं पाणी आहे. तिथे काठावर ज्यांच्या शेताकडेला बोट ठेवायची सोय होती त्यांना आम्ही धोंडूमामा म्हणायचो. पाण्याच्या काठी जन्म गेला, पण बोटीत पाय ठेवणार नाही असा त्यांचा पण होता, आणि बोटीबद्दल मतं मात्र पुष्कळ. ट्रॅक्टरने बोट पाण्यात लोटताना त्यांचा घाम निघाला. "दादा, ही बोट हाय का घराचा ओटा?" ते म्हणाले. "बुडायची नाय ही, आधीच बुडाल्यावानी हाय." भावजींना ही स्तुती वाटली. त्यांनी ताईला लाइफ जॅकेट चढवलं, पट्टे ओढून बघितले, परत ओढून बघितले, आणि गुडघाभर पाण्यात उभं राहून तिला हाताला धरून इतक्या हळू आत घेतलं की मला उगाचच दुसरीकडे बघावंसं वाटलं.

वारा मंद होता. शीड फुगलं आणि आमचा ओटा काठापासून सुटला. भावजी सुकाणूपाशी, पांढरेफटक. मी पुढच्या भागात, जिथे कमरेएवढ्या उंचीच्या छपराखाली शेगडी होती तिथे, रेनकोट घालून. ताई माझ्या शेजारी, तिच्या आखलेल्या जागेवर. पाण्याच्या मधोमध आल्यावर भावजींनी शीड उतरवलं आणि नांगर टाकला, कारण चालत्या बोटीत चूल पेटवायची नाही असा नियम होता. मग नांगर सरकतोय का हे कळावं म्हणून त्यांनी काठावरची दोन झाडं खूण म्हणून धरली आणि त्या झाडांवरून नजर काढायची नाही असं ठरवून आमच्याकडे पाठ करून बसले. ताईने माझ्या कानाशी येऊन हळूच म्हटलं, "पिठल्याआधी एक काम आहे."

तिने पिशवीतून दुधाची बरणी काढली, निरांजन काढलं, हळदकुंकवाची कोयरी काढली. मला कळायचं ते कळलं. नव्या घरात पहिल्यांदा चूल पेटली की दूध उतू जाऊ द्यायचं, आणि तेही पूर्वेला. आमच्या आईने केलं, ताईने केलं, मीही केलं. बोटीत आज पहिल्यांदा चूल पेटत होती, तेव्हा ताईच्या हिशेबी हाही गृहप्रवेशच. मी म्हणाले, "भावजींना विचारूया." ती म्हणाली, "विचारलं तर पुढची दिवाळी येईल." हे खोटं नव्हतं. आम्ही शेगडी बारीक पेटवली, पातेल्यात बरणीतलं थोडंसं दूध ठेवलं. दूध वर आलं, फुगलं, आणि भावजींच्या त्या अफाट हुशार शेगडीने पातेलं असं काही सरळ धरून ठेवलं की दूध काठाशी येऊन डुलायचं आणि परत खाली बसायचं. उतू जाईल तर शपथ. पूर्वेला तर नाहीच. शेवटी ताईने सांडशीने शेगडीची कड धरली, तिचं डुलणं बंद केलं, आणि मला म्हणाली, "तू जरा तिकडे सरक." पूर्व माझ्या समोरच्या बाजूला होती. मी सरकले. बोट कलली, धरलेली शेगडीही तिच्याबरोबर कलली, आणि दूध फेसाळत, अगदी पूर्वेच्या काठावरून, भसकन खाली गेलं.

"कोण हललं?" भावजी झाडांवरून नजर न काढता ओरडले. "कुणी नाही!" आम्ही दोघी एका सुरात म्हणालो. ताईने हात जोडले. तिचे जोडलेले हातही हलत होते. करपल्या दुधाचा वास सगळीकडे भरला होता, त्या वासात आईचं स्वयंपाकघर होतं आणि आम्ही दोघी लहान झालो होतो. मग ताईने निरांजन समोर ठेवलं आणि काडेपेटी उघडली. काडी ओढायला गेली, हात थरथरला, काडी मोडली. दुसरी घेतली, ती पेटीवर टेकायच्या आधीच खाली पडली. अशा वेळी मदतीला गेलेलं तिला आवडत नाही म्हणून मी हात पुढे केला नाही. तिसरी काडी पेटीच्या कडेला लागली, पण नुसतीच घासली. तेव्हा तिने सुस्कारा टाकला आणि काडेपेटी माझ्या हातात दिली. "तू लाव गं."

मी काडी काढली. पेटीच्या कडेला लावली. तेवढ्यात पाठीमागून भावजींचा आवाज आला, "काडी खाली ठेव." आयुष्यभर हा माणूस बल्बसाठी, वायरसाठी, केळ्याच्या सालीसाठी घसा फोडून ओरडत आला. आणि हे एवढं वाक्य ते इतक्या हळू आवाजात म्हणाले की माझा हात जागीच थांबला. मी काडी खाली ठेवली. मग मलाही ऐकू आलं. शेगडीचा फुसफुस आवाज चालू होता, पण जाळाचा नव्हे. उतू गेलेल्या दुधाने जाळ केव्हाच विझला होता. पत्र्याच्या कठड्याआड तो दिसायचा नाही, म्हणून चालूच आहे असं आम्ही धरून चाललो होतो, आणि करपलेल्या दुधाच्या वासाखाली गॅसचा वास दडून गेला होता. आमच्या पायांखाली, वाळूच्या पोत्यांमध्ये, तो काडीची वाट बघत बसला होता. ताईचे हात धड असते, पहिलीच काडी पेटली असती, तर हे सांगायला मी राहिले नसते. हे मला आजही स्वयंपाक करता करता मधेच आठवतं आणि मी गॅस बंद करून थोडा वेळ बसते.

भावजींनी सिलिंडरची चावी बंद केली. आम्हाला उघड्यावर मागे घेतलं, आधी ताईला, मग मला, प्रत्येक वेळी स्वतः समोरच्या बाजूला सरकून. "मोबाइलला हात लावायचा नाही. काही पेटवायचं नाही." मग त्यांनी बादली घेतली, छपराखाली वाकले आणि तळातून रिकामी बादली भरून बाहेर ओतायला लागले. मला वाटलं, यांचं डोकं फिरलं. पण ते म्हणाले, "जड आहे ना तो? मग पाण्यासारखाच उपसायचा." आणि उपसत राहिले. बादलीत काही दिसत नव्हतं, पाण्यात काही पडत नव्हतं, आणि एक साठी उलटलेला माणूस घामाने निथळत काहीच नाही ते पुन्हापुन्हा बाहेर टाकत होता. काठावरून धोंडूमामांची हाक आली, "दादा, पानी शिरलं का काय?" भावजी ओरडले, "पाणी नाही!" "मग काय उपसता?" "गॅस!" मग मामांनी कुणाला तरी हाळी दिली, "ए, टायरची ट्यूब आन रे, दादाचं लय बिनसलं!" मला भीतीने रडू येत होतं, त्यात हसू आलं, आणि मग दोन्ही आवरेना.

बऱ्याच वेळाने भावजी थांबले. वास गेला होता, पण आज चूल पेटणार नाही असं त्यांनी सांगितलं, आणि त्या आवाजात हुकूम नव्हता, हरल्यासारखं काहीतरी होतं. पिठलं नाही, भात नाही. मी घरून आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी निघाली. पातेल्यात राहिलेलं घोट-घोट दूध निघालं. भावजी ताईसमोर त्यांच्या जागेवर बसले आणि खाली मान घालून म्हणाले, "एवढी वर्षं घालवली मी. आणि साधा गरम घास तुला देता आला नाही."

आता ताईला बोटीत चढवत नाही. त्या हिवाळ्यात आम्ही आणखी दोन-तीनदा गेलो, एकदा पिठलंही झालं, पण पुढे तिचे पाय उचलेनात. हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगताना मला मधे थांबावं लागणार नाही.

ताई दशमीचा तुकडा तोंडाकडे नेत होती. चटणी सांडली, तुकडा नाकाला लागला, मग तोंडात गेला. एवढ्या पोत्यांनंतर, एवढ्या लोखंडानंतरही बोट डुलत होती. नांगराचा दोर हलत होता, डोलकाठी हलत होती, भावजींच्या हातातली वाटी हलत होती. ताईने हे सगळं एकेक करून बघितलं आणि तोंडातला घास संपवून म्हणाली, "अहो, मला इथे फार बरं वाटतंय. घरी सगळं जागच्या जागी असतं, त्यात माझे हात तेवढे हलतात. इथे सगळंच हलतंय. माझं कुणाला कळतंय?"

भावजींनी वाटी खाली ठेवली. ते काही बोलून न दाखवता, कुणाला सरकायला न सांगता, उठले आणि ताईच्या शेजारी जाऊन बसले. बोट त्या बाजूला चांगलीच कलली. ताईने हात पाण्यात सोडला होता, तो आता मनगटापर्यंत पाण्यात गेला, आणि भावजींनी आपलाही हात पाण्यात घालून तो धरला. मी घाबरून फळी धरली. "भावजी, बोट कलली!"

"कलू दे गं थोडी," ते म्हणाले.

मी त्यांच्या समोरच्या बाजूला, जमेल तेवढी कडेला सरकून, अंग मागे टाकून बसले. दोघांच्या वजनाला मी एकटी पुरणार नव्हते, मला पोहता येत नव्हतं आणि मी जीव मुठीत धरला होता. तरी त्यांनी उठू नये, असं मला वाटत होतं.